अभ्यास झाला, पण त्यातून काय निघालं ते गावाला कोण सांगणार?

प्रति,
मा. संपादक,

विषय : आत्महत्या रोखण्यासंबंधीचं संशोधन मराठीतून गावापर्यंत पोचावं आणि त्यासाठी दानशूर संस्थांनी पैसा द्यावा, याबाबत.

महोदय,

मी मानवत तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात कृषी सेवा केंद्र चालवतो. १९९८ पासून बियाणं, खत आणि औषधं विकतो. औषधं म्हणजे फवारणीची. आमच्याकडे कीटकनाशकाला विष कुणी म्हणत नाही, औषधच म्हणतात. "मावा पडलाय, औषध द्या," असं गिऱ्हाईक म्हणतं, आणि कुणाच्या घरी आक्रीत घडलं की "त्यानं औषध घेतलं" असंही लोक त्याच शब्दात सांगतात. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं हा शब्द माझ्या तोंडात आहे. दिवसातून शंभरदा येतो.

२०१५ च्या खरिपात पावसाने दडी मारली होती. त्या ऑगस्टमध्ये माझं एक जुनं गिऱ्हाईक, साडेचार एकर कपाशी करणारा माणूस, आत्महत्या करून गेला. औषध माझ्याच दुकानातलं होतं. तेराव्यानंतर आठ-दहा दिवसांनी त्याची बायको दुकानात आली, सोबत सात-आठ वर्षांचा मुलगा. नायलॉनच्या पिशवीतून तिने दोन बाटल्या काढल्या आणि काउंटरवर ठेवल्या. म्हणाली, "भाऊ, ह्या दोन फोडल्या नाहीत. सील बघून घ्या. घरात ठेवायच्या नाहीत मला, लेकरं हायेत. वापस घेता का?"

न फोडलेला माल परत घ्यायची आमच्या धंद्यात पद्धत आहे. मी उधारीची वही काढली. त्याच्या पानावर तीन बाटल्या एकाच ओळीत लिहिलेल्या होत्या, माझ्याच अक्षरात, तारखेसकट. दोन खोडल्या. तिसरी तशीच राहिली. ती बाकी मी कधी मागितली नाही आणि ते पानही फाडलं नाही.

हे सगळं लिहिण्याचं कारण असं, की त्या बाईने पुढे मला एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर द्यायला मला जवळजवळ आठ वर्षं लागली.

तो गेल्यावर सरकारी माणसं आली. तलाठी, कृषी सहायक, पोलीस पाटील, पंचनामा. त्यांना विचारायच्या गोष्टी ठरलेल्या असतात : जमीन आहे का, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का. यावर प्रकरण पात्र की अपात्र ते ठरतं आणि पात्र ठरलं तर एक लाख रुपये मिळतात, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेव म्हणून. २००६ पासून हेच चालत आलं आहे. या माणसाचं देणं होतं बिनपरवाना सावकाराचं आणि माझ्या दुकानाचं. दोन्ही कागदावर बसत नव्हती. अपात्र. मदतीच्या रकमेवर मला इथे वाद घालायचा नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की मराठवाड्यात माणूस असा गेला की त्याच्या मरणाची सरकारदरबारी होणारी एकमेव चौकशी ही आहे, आणि तिच्यात 'हे कशाने टळलं असतं' हा रकानाच नाही. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीप्रमाणे २०२३ या एका वर्षात आपल्या आठ जिल्ह्यांत १०८८ शेतकरी असे गेले, त्यातले २६९ एकट्या बीडमध्ये. १०८८ पंचनामे झाले असतील. त्यातून आपण शिकलो काय?

दुसऱ्या उन्हाळ्यात एका संस्थेची अभ्यास करणारी मुलं-मुली आली. भली लेकरं होती. दुपारच्या उन्हात त्या बाईच्या ओसरीवर बसून त्यांनी दोन तास फॉर्म भरला : झोप लागायची का, दारू होती का, घरात भांडण कशावरून व्हायचं, औषध कुठे ठेवलेलं होतं. ती सगळं बोलली. सासूसमोर कधी जे बोलली नव्हती तेही बोलली. मलाही त्यांनी अर्धा तास विचारलं. शेवटी सही-अंगठा घेतला, धन्यवाद म्हणाले आणि गेले. त्यानंतर पत्र नाही, फोन नाही, कुणी फिरकलं नाही.

ती आता स्वतः शेती करते. दर जूनला बियाणं न्यायला येते आणि एखाद्या वर्षाआड विचारते, "भाऊ, ते कागद भरून नेलते, त्यातून काय निघालं वो?"

मी काय सांगणार? मला ठाऊकच नव्हतं.

माझी मुलगी परभणीला कृषी विद्यापीठात शिकली. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत घरी आली होती, तेव्हा हा विषय निघाला. ती म्हणाली, "बाबा, बघू तरी." रात्री जेवणं झाल्यावर मोबाइलवर एकेक शोधनिबंध उघडायची आणि मला मराठीत सांगायची. पहिली अडचण लगेच आली. आपल्याच भागातल्या लोकांवरचा एक निबंध उघडायला गेली तर पैसे मागितले, डॉलरमध्ये. ज्यांनी ओसरीवर बसवून चहा पाजून माहिती दिली, त्यांनाच ती वाचायला डॉलर लागतात! माझा फार संताप झाला. मुलगी म्हणाली, थांबा, सगळे तसे नसतात. आणि तिने श्रीलंकेतला एक निबंध उघडला, तो एक पैसा न देता उघडला.

त्या निबंधाबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. श्रीलंकेत भातशेतीचा अनुराधपूर म्हणून जिल्हा आहे. तिथली १८० गावं संशोधकांनी निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यातल्या ९० गावांतल्या शेतकरी घरांना कीटकनाशक ठेवायला कुलपाची पेटी दिली आणि बाकीच्या ९० गावांना तेव्हा दिली नाही. दोन्हीकडची मिळून ५३ हजारांवर घरं. मग काही वर्षं दोन्हीकडे लक्ष ठेवलं. या कामाला मुख्य पैसा दिला वेलकम ट्रस्टने. ही लंडनची धर्मादाय संस्था. हेन्री वेलकम नावाचा औषध कंपनीचा मालक १९३६ साली वारला आणि जाताना मृत्युपत्रात सगळी मिळकत आरोग्याच्या संशोधनासाठी ठेवून गेला. त्याची औषधं म्हणजे माणसाची औषधं, माझ्यासारखी नव्हेत. पण औषधाच्या धंद्यातला पैसा शेवटी या अभ्यासाला लागला, हे ऐकून माझ्या मनात कालवाकालव झाली.

आता निष्कर्ष ऐका. पेटीने काही फरक पडला नाही. पेटी दिलेल्या गावांत आणि न दिलेल्या गावांत विषप्राशनाचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं.

मी मुलीला दोनदा विचारलं, नीट वाचलंस ना? कारण आपल्याकडे असं कुठे छापतात? पैसा लावला, हजारो पेट्या वाटल्या, वर्षानुवर्षं माणसं राबवली आणि शेवटी जगासमोर लिहून टाकलं की बाबांनो, याने काम होत नाही. वर ते वाचायला पैसेही मागितले नाहीत. ज्या संशोधनाला आपण पैसा देतो ते सगळ्यांना मोफत वाचता आलं पाहिजे, अशी या ट्रस्टची अटच आहे. आपल्याकडे एखादी योजना फसली की फलक उतरवतात आणि दुसरी आणतात. फसली हे सांगत कुणी नाही, म्हणून चार वर्षांनी शेजारच्या तालुक्यात तीच पुन्हा येते. मी स्वतः त्या दिवाळीच्या आधी दुकानदार संघटनेत असा प्रस्ताव मांडणार होतो की आपण वर्गणी करून गावात कुलपाच्या पेट्या वाटू. चांगल्या मनाने मांडणार होतो. पण कुलपाची किल्ली कुठल्या देवळीत असते हे घरातल्या दहा वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. हे मला समजायला हवं होतं.

मग काम कशाने होतं? तेही श्रीलंकेनेच दाखवलं आहे. १९९५ मध्ये तिथे दर लाखात ५७ माणसं आत्महत्येने जात. सरकारने १९८४ पासून टप्प्याटप्प्याने सगळ्यात जहाल कीटकनाशकं बाजारातून काढली. १९९५ मध्ये काही, १९९८ मध्ये आणखी एक, २००८ नंतर आणखी तीन. २०१५ पर्यंत प्रमाण लाखात १७ वर आलं. वीस वर्षांत सुमारे ९३ हजार जीव वाचले असा संशोधकांचा अंदाज आहे. आणि माझं गिऱ्हाईक मला पहिला प्रश्न हाच विचारेल म्हणून सांगतो, पीक घटलं नाही. भाताचं उत्पादन या बंदीमुळे पडल्याचं दिसलं नाही.

यामागचं कारण साधं आहे आणि ते प्रत्येक घरात सांगायला हवं. बहुतेक वेळा जीव द्यायचा विचार फार काळ टिकणारा नसतो. एका रात्रीचा, कधी एका तासाचा झटका असतो. तेवढ्या वेळात हाताशी जे असेल त्यावर सगळं ठरतं. हाताशी कमी जहाल असलं तर माणूस दवाखान्यात पोचतो, वाचतो, आणि वाचलेल्यांतले बहुतेक जण पुढे आपलं आयुष्य जगतात. 'ज्याला जायचं तो जाणारच' असं आपण पारावर बसून म्हणतो ना, ते खरं नाही. मीही म्हणायचो.

कुठल्या औषधांवर बंदी आली त्यांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. वर्तमानपत्रात ती यायला नकोत, असं मला आता वाटतं. आपल्या केंद्र सरकारनेही २०२३ मध्ये काही जहाल औषधांवर बंदी घातली. माझ्या गल्ल्याला त्याने फटका बसला हे खरं आहे. तरीही, संपादक महोदय, मी ही औषधं विकणारा माणूस म्हणून लिहून देतो की उरलेल्या लाल त्रिकोणाच्या, म्हणजे सगळ्यात जहाल औषधाच्या, डब्यांवरही असाच विचार व्हावा आणि त्यांना पर्याय काय वापरायचा ते विद्यापीठाने हंगामाच्या आधी आम्हाला सांगावं.

दुसरी गोष्ट चेन्नईची. तिथे 'स्नेहा' नावाची स्वयंसेवी संस्था आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी ती १९८६ मध्ये सुरू केली. मुख्य काम फोनवर आणि समोर बसवून दुःखी माणसाचं ऐकून घेण्याचं, आणि ते स्वयंसेवक करतात. पण ही संस्था तेवढ्यावर थांबली नाही. तिने अभ्यासही केले. तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यातल्या दोन गावांत त्यांनी गावाची मिळून एक खोली बांधली, बँकेत लॉकर असतात तशी, प्रत्येक शेतकऱ्याचा वेगळा खण. औषध घरी न्यायचंच नाही, खोलीत ठेवायचं आणि फवारणीला लागेल तसं काढायचं. जवळच्या दोन गावांत अशी खोली नव्हती. २०१३ मध्ये निष्कर्ष छापले : खोली असलेल्या गावांत आत्महत्या कमी झाल्या. मात्र गावं दोनच, म्हणून यावरून सगळीकडे असंच होईल असं म्हणता येत नाही, आणखी मोठा अभ्यास हवा. तसा मोठा अभ्यास पुढे गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात हाती घेतला गेला आणि त्यात पुण्यातल्या संशोधकांचा पुढाकार आहे.

हे वाचलं तेव्हा मला त्या बाईचं वाक्य आठवलं. "घरात ठेवायच्या नाहीत मला." तिला कुठलाही निबंध न वाचता कळलं होतं की औषध घराबाहेर असावं. घरातली पेटी नको, घराबाहेरची खोली चालेल. तेराव्यानंतर दहा दिवसांनी नायलॉनची पिशवी घेऊन दुकानात आलेली बाई हेच सांगत होती आणि मी वही काढून हिशेब करत बसलो.

आता आम्हा दुकानदारांबद्दल. परवान्यासाठी आम्हाला एक अभ्यासक्रम करावा लागला. मी तो मनापासून केला. लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण, कुठलं औषध कुठल्या अळीवर, किती प्रमाण, फवारताना तोंडाला काय बांधायचं, सगळं शिकवलं आणि चांगलं शिकवलं. पण काउंटरच्या पलीकडे उभा असलेला माणूस कुठल्या अवस्थेत आहे, हे कसं ओळखायचं त्याचा एक तास नव्हता. आणि इथेही श्रीलंकेतला अभ्यास होता! काही जण त्या क्षणी दुकानातूनच औषध विकत नेतात, म्हणून संशोधकांनी दुकानांकडे लक्ष वळवलं. अशा खरेदीत दोन गोष्टी ठळक दिसल्या : माणूस दारू प्यायलेला असणं आणि तो शेती करणारा नसणं. बास, एवढं एक वाक्य. हे मला १९९८ मध्ये कुणी सांगितलं असतं तर?

आता मी काय करतो ते लिहितो, दुसऱ्या दुकानदारांच्या उपयोगी पडावं म्हणून. प्यायलेल्या माणसाला औषध देत नाही, तो ओळखीचा असला तरी. "सकाळी या, सोबत घरचं कुणी आणा," म्हणतो. अनोळखी गिऱ्हाइकाला पीक कुठलं, किती एकर, कुठली कीड, हे विचारतो. जहाल माल समोरच्या फळीवर ठेवत नाही, आतल्या खोलीत ठेवतो. आत जाऊन काढून आणायला दोन मिनिटं लागतात, तेवढ्यात बोलणं होतं. गल्ल्याशेजारी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरात चिकटवला आहे. तो चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

मागच्या श्रावणात संध्याकाळी दुकान आवरत असताना एक पंचविशीतला पोरगा आला. कुठलंही कडक औषध द्या म्हणाला. कपाशीला की सोयाबीनला, असं विचारलं तर फळीकडे बघत राहिला, माझ्याकडे बघेना. मी शटर अर्धं ओढलं, त्याला खताच्या पोत्यावर बसवलं आणि समोरच्या टपरीवरून दोन चहा मागवले. मग सरळ विचारलं, "लेकरा, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का?" पूर्वी मी असं कधीच विचारलं नसतं, उगीच त्याच्या डोक्यात नाही ते भरायचं म्हणून. पण थेट विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो, हेही अभ्यासातूनच कळलेलं आहे. मुलीने ते मला वाचून दाखवलं होतं. तो पोरगा बराच वेळ काही बोलला नाही आणि मग ढसाढसा रडला. चहा तसाच राहिला. त्याच्या चुलत्याला फोन केला, ते मोटारसायकलवर आले आणि घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ते त्याला परभणीला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. बाकी त्याचं खाजगी आहे, लिहीत नाही.

त्या निबंधातली चार वाक्यं मला मराठीत कळली नसती तर मी त्याला बाटली आणि बिल देऊन शटर ओढलं असतं. संशोधन म्हटलं की आपल्याला वाटतं प्रयोगशाळा, पांढरे कोट. हे संशोधन माझ्या काउंटरवर वापरायचं होतं.

आपल्या मराठी मुलखातही असं काम झालेलं आहे. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला, त्यामागे टाटा ट्रस्ट्सचा पैसा होता. गावातल्याच लोकांना शिकवून नैराश्य ओळखायचं, धीर द्यायचा, गरज पडली तर डॉक्टरपर्यंत पोचवायचं, असं काम. निष्कर्ष २०१७ मध्ये आले. आधी नैराश्यातल्या शंभर माणसांपैकी जेमतेम ४ जणांपर्यंत मदत पोचत होती, नंतर २७ जणांपर्यंत पोचली. मनात आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणारे शंभरात ५ होते, ते अडीचवर आले. अमरावतीहून मानवत काही परदेश नाही. पण माझ्या गावातल्या आशाताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं. आपल्या राज्य सरकारनेही २०१५ पासून चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी 'प्रेरणा' प्रकल्प चालवला आहे आणि याच आशाताई त्यात घरोघर फिरतात. त्यांना शेजारच्या विदर्भात काय साधलं हे कुणी सांगू नये?

त्याही आधी, २००५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने शेतकरी आत्महत्यांचा अभ्यास केला होता. तो अहवाल न्यायालयात गेला. माझ्या गावात नाही आला.

मराठवाड्यात दानाची कमतरता नाही. दुष्काळात चारा छावण्या उभ्या राहतात, गेलेल्यांच्या घरी धनादेश जातात, शिलाई मशीन देतात, लेकरांना वह्या-पुस्तकं, मुलींची लग्नं. हे करणाऱ्या प्रत्येकापुढे मी हात जोडतो. मीही त्यात वर्गणी देतो. पण हे सगळं माणूस गेल्यानंतरचं आहे. तो जाऊ नये म्हणून काय केलं तर चालतं आणि काय केलं तर चालत नाही, हे शोधायला आपल्याकडचा दानशूर माणूस पैसे देत नाही. त्याचा फोटो निघत नाही, मांडव पडत नाही, मी समजू शकतो. तरी माझी विनंती आहे. शंभर रुपये मदतीला देता, त्यातले दहा शोधायला द्या. औषधाची सामायिक खोली आपल्या कोरडवाहू गावात चालते का? त्यासाठी जागा मारुतीच्या देवळामागे बरी की सोसायटीच्या गोदामात? आखाड्यावर, म्हणजे शेतातच, राहणाऱ्यांचं काय, ते रोज गावात येऊन औषध नेतील का? याची उत्तरं कडलूरमध्ये किंवा अनुराधपूरमध्ये मिळणार नाहीत, ती इथेच शोधावी लागतील.

आणि पैसा देताना एक अट घाला, वेलकम ट्रस्टसारखी, पण तिच्या एक पायरी पुढची. निबंध मोफत असणं पुरेसं नाही, कारण तो इंग्रजीत असतो. अट अशी घाला की अभ्यास संपल्यावर ज्या गावांनी माहिती दिली त्या गावांत परत जायचं आणि काय निघालं ते मराठीत, चारचौघांत, वाचून दाखवायचं. काही निघालं नाही तर तेही सांगायचं. दोन पानांचा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायचा. ज्या ओसरीवर दोन तास बसलात त्या ओसरीवर पंधरा मिनिटं पुन्हा बसायचं. शेवटचा हप्ता हे झाल्यावरच द्यायचा.

आता थोडं आपल्या दैनिकाविषयी, राग मानू नये. २०१५ मधली ती बातमी आपल्याकडे नव्हती, दुसरीकडे होती, पण बातमी सगळीकडे सारखीच येते. चार ओळी : कर्जाला कंटाळून, अमुक औषध, अमुक ठिकाणी. औषधाचं नाव कंपनीसकट होतं. कारण एकच दिलं होतं, जणू दुसरं काही नव्हतंच. ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहरात भुयारी रेल्वेत आत्महत्या वाढल्या होत्या, तेव्हा तिथल्या आत्महत्या प्रतिबंधासाठी काम करणाऱ्या संघटनेने अभ्यास करून १९८७ मध्ये वृत्तपत्रांसमोर मार्गदर्शक सूचना ठेवल्या. वृत्तपत्रांनी त्या पाळल्या आणि तशा घटना झपाट्याने घटल्या. तुमच्या लेखणीत केवढी ताकद आहे पाहा. आपल्या प्रेस कौन्सिलनेही २०१९ मध्ये अशा सूचना दिल्या आहेत : बातमी ठळक नको, पद्धतीचं वर्णन नको, जागेचा तपशील नको. बातमीखाली मदतीचा नंबर छापला तर तेवढ्यानेही एखादं घर वाचेल. आणि शक्य असेल तर महिन्यातून एकदा अर्धा रकाना या विषयाला द्या. नव्या अभ्यासातून काय निघालं ते साध्या मराठीत, आमच्या आशाताईंना, दुकानदारांना, पोलीस पाटलांना कळेल असं. मजकूर जमवायला माझी मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी तयार आहेत, मानधन नको.

१० सप्टेंबर हा २००३ पासून जगभर आत्महत्या प्रतिबंध दिन म्हणून पाळतात. यंदा त्या संध्याकाळी आम्ही सहा दुकानदार मिळून मारुतीच्या पारावर बसणार आहोत. पाहुणे नाहीत, हारतुरे नाहीत. श्रीलंकेतल्या पेट्यांचं, कडलूरच्या खोलीचं आणि अमरावतीच्या तीस गावांचं काय झालं, हे मुलगी मराठीत वाचून दाखवणार आहे. गावाची औषधाची खोली करायची का, याच्यावर बोलणं होईल.

परवा ती बाई तुरीवर फवारायचं विचारायला आली होती. मी तिला म्हटलं, "ताई, तुमचे कागद ज्यांनी नेले त्यांचा तर पत्ता नाही. पण दुसऱ्यांनी तसेच कागद भरले होते, त्यातून काय निघालं ते कळलंय. वाचून दाखवणार आहोत." मुलगा आता सतरा-अठरा वर्षांचा झालाय, तो गाडीवर बाहेर थांबला होता. तिने मागे वळून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्याला पण आणते. किती वाजता?"

संध्याकाळी सात वाजता, ताई.

आपला नियमित वाचक,
एक कृषी सेवा केंद्र चालक,
ता. मानवत, जि. परभणी

(त्या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून माझं आणि गावाचं नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)